पायलटचं आणि एटीसीचं जुळत नसेल तर बरंच आहे

दरवर्षी २४ जानेवारी आली की तोच मेसेज फिरायला लागतो, होमी भाभांचं विमान सीआयएने कसं पाडलं, बॉम्ब कार्गोमध्ये कसा ठेवला, वगैरे. खाली पाचपन्नास जण "हे शाळेत का शिकवत नाहीत" म्हणून रागावलेले असतात. मला त्या थिअरीवर वाद घालायचा नाहीये, घालून उपयोगही नसतो. पण फ्रेंच चौकशीत जे निघालं ते या मेसेजमध्ये कधीच नसतं, आणि आजच्या घडीला आपल्या कामाचं नेमकं तेच आहे. बॉम्ब वगैरे काही नाही, पायलट समजत होता की आपण इथे आहोत आणि जमिनीवरचा रडारवाला कंट्रोलर, म्हणजे एटीसी, बघत होता की तो तिथे नाहीये. एवढीच भानगड. आणि ११७ माणसं गेली.

झालं असं की १९६६ मध्ये एअर इंडियाचं ते बोइंग ७०७, नाव कांचनजंगा, मुंबईहून निघून दिल्ली, बैरूत करत जिनिव्हाला उतरायला चाललं होतं. बैरूत सोडतानाच पायलटला माहीत होतं की विमानातल्या दोनपैकी एक व्हीओआर रिसीव्हर बंद आहे. व्हीओआर म्हणजे जमिनीवरचं रेडिओ स्टेशन, ते कुठल्या दिशेला आहे हे विमानाला कळतं, आणि अशा दोन स्टेशनांच्या दिशा एकदम मिळाल्या की आपण नकाशावर कुठे ते लगेच समजतं. एकच रिसीव्हर चालू म्हणजे अंदाज आला. विमान १९ हजार फुटांवर होतं, खाली यायला सुरुवात करायची होती, तेव्हा पायलटने आपला अंदाज कळवला की आपण आता माँ ब्लाँच्या, म्हणजे आल्प्समधल्या उंच डोंगराच्या, बाजूने पुढे चाललोय. जिनिव्हाच्या कंट्रोलरला रडारवर स्वच्छ दिसत होतं की तसं नाहीये, डोंगर अजून पुढे आहे. त्याने ते सांगितलंही. सांगितलं काय, तर तुम्हाला माँ ब्लाँपर्यंत ५ मैल आहेत. पायलट म्हणाला रॉजर. आणि विमान खाली येत राहिलं.

आता हे वाक्य पायलटच्या जागी बसून ऐका. त्याच्या डोक्यात आपण डोंगराच्या बाजूला पोचलोय हे पक्कं आहे, तेव्हा ५ मैल हा आकडा त्याला बाजूचं अंतर वाटला असेल, म्हणजे डोंगर बराच लांब आहे, चला बरं झालं. कंट्रोलरच्या मनात मात्र ५ मैल पुढे होते. आकडा एकच, शब्द तेच, दोघांनी ऐकलं पण बरोबर, तरी दोघांचे नकाशे वेगळे. चौकशीत म्हटलंय की कंट्रोलरने चूक ओळखली, विमानाची जागा बरोबर काढली, पण शब्द पुरेसे नेमके नव्हते म्हणून दुरुस्ती पायलटपर्यंत दुरुस्ती म्हणून पोचलीच नाही. "निगेटिव्ह, तुम्ही अजून डोंगर ओलांडलेला नाही" असं तो म्हणाला असता तर? मला वाटतं त्याला पायलटचं म्हणणं तोंडावर खोडायचं जीवावर आलं असेल, माणूस म्हणून आपण सगळेच असं करतो, सीनियर माणसाला "तुमचं चुकतंय" न म्हणता फक्त बरोबर आकडा पुढे सरकवतो आणि समजून घेईल म्हणून सोडून देतो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की पायलट आणि एटीसी यांच्या माहितीत तफावत येणं हा धोका नाही. तफावत दिसली म्हणजे दोन वेगवेगळ्या डोळ्यांनी एकच विमान बघितलं जातंय आणि त्यातलं कुणीतरी चुकतंय हे वेळेत कळलं. माँ ब्लाँला ते कळलं होतं, वापरता आलं नाही हा भाग वेगळा. खरा धोका तेव्हा, जेव्हा दोघांचं अगदी छान जुळतं, कारण दोघेही एकाच ठिकाणाहून आलेली माहिती वाचत असतात. आणि गेल्या काही वर्षांत आपण जी सिस्टिम बांधत चाललोय ती दोघांचं जुळावं म्हणून बांधतोय, यावर मला बोलायचंय.

दुसरा डोळा नसला की काय होतं याचं एक उदाहरण आपल्या जुन्नरच्या डोंगरात आहे. जुलै १९६२, ऐन पावसाळ्यातली मध्यरात्र, अलितालियाचं डीसी-८ बँकॉकहून मुंबईला येत होतं. पायलटला वाटलं आपण मुंबईच्या जवळ आलोय, त्या हिशोबाने त्याने उंची कमी केली आणि विमान जुन्नरजवळ दावंड्याच्या डोंगरावर आदळलं, मुंबईपासून ८० किलोमीटरहून जास्त अलीकडे. ९४ जण गेले, कुणीच वाचलं नाही. भारतीय चौकशीने कारण दिलं ते नेव्हिगेशनची चूक आणि त्यामुळे वेळेआधीच खाली येणं, शिवाय उपलब्ध साधनं वापरली नाहीत आणि त्या रूटवरच्या डोंगरांची ओळख नव्हती हेही नोंदवलं. आज तुमच्या माझ्या खिशातला फोन त्या कॉकपिटमध्ये असता तर तो अपघात झाला नसता, हे मान्य करायला हवं. सॅटेलाइट नेव्हिगेशनने किती जीव वाचवले असतील त्याची मोजदादच नाही आणि मी काही जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांपैकी नाही.

पण हरियाणात चरखी दादरीवर झालेली दोन विमानांची धडक घ्या. १२ नोव्हेंबर १९९६, दिल्लीहून सौदीचं ७४७ वर चढतंय, त्याला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितलंय, समोरून त्याच रस्त्याने कझाकस्तानचं इल्युशिन खाली येतंय, त्याला १५ हजारांवर थांबायला सांगितलंय. येणाऱ्या जाणाऱ्या विमानांना तेव्हा दिल्लीत एकच कॉरिडॉर होता, उरलेलं आकाश बहुतेक हवाई दलाकडे. कझाक विमान म्हणालं आम्ही १५ हजारांवर आहोत. कंट्रोलरने समोर सौदी आहे, इतक्या मैलांवर आहे, सगळं सांगितलं. पण कंट्रोलरच्या स्क्रीनवर काय होतं तर दोन ठिपके, आणि त्या ठिपक्यांना उंची नव्हती, कारण दिल्लीत चालू असलेलं रडार प्रायमरी होतं, ते विमान कुठे आहे एवढं दाखवतं, किती उंचावर ते दाखवत नाही. म्हणजे उंचीच्या बाबतीत कंट्रोलरकडे जी माहिती होती ती पायलटनेच सांगितलेली. दोघांचं तंतोतंत जुळत होतं! १५ आणि १४, मध्ये हजार फूट, कागदावर काही चूक नाही. प्रत्यक्षात कझाक विमान १५ च्या खाली घसरत गेलं आणि ३४९ माणसं मेली. त्यातही कझाक विमानात एटीसीशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा माणूस होता आणि त्याच्यासमोर उंचीचा काटाच नव्हता. म्हणजे बघा, जो बोलत होता त्याला दिसत नव्हतं आणि जो ऐकत होता त्यालाही दिसत नव्हतं.

न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने दोष कझाक विमानाचा ठरवला ते बरोबरच आहे. पण अपघातानंतर जे बदलावं लागलं ते काय होतं? विमानाची उंचीही दाखवणारं सेकंडरी रडार, येण्याजाण्याचे वेगळे रस्ते, आणि भारतात येणाऱ्या विमानांना टीकॅस सक्तीचं, म्हणजे समोरच्या विमानाला स्वतः विचारून "वर जा" किंवा "खाली जा" ओरडणारं यंत्र. सगळ्याचा अर्थ एकच, एका माणसाच्या शब्दावर विसंबू नका, तपासायला दुसरं काहीतरी ठेवा. हे शिकायला आपल्याला ३४९ माणसं लागली.

आता मुद्द्यावर येतो. नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला दिल्लीत विमानांच्या जीपीएसमध्ये गडबड व्हायला लागली, बातम्या आल्या, आणि नंतर सरकारने संसदेत मान्य केलं की हो, स्पूफिंग झालं. नुसतं जॅमिंग असतं तर सिग्नल गायब होतो, पायलटला कळतं की जीपीएस गेलं. स्पूफिंगमध्ये सिग्नल येत राहतो, फक्त खोटा. विमानाला वाटतं आपण भलतीकडेच आहोत आणि ते त्याबद्दल अगदी खात्रीने बोलतं. याआधी असल्या गोष्टी मुख्यतः सीमेकडे व्हायच्या, अमृतसर, जम्मू बाजूला, नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ मध्ये ४६५ घटनांची नोंद झाल्याचं सरकारनेच सांगितलं होतं. पण डिसेंबर २०२५ च्या उत्तरात ज्या विमानतळांची नावं आली त्यात मुंबई पण आहे, कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नई पण आहेत. पाकिस्तानच्या सीमेपासून लांब असलेली शहरं.

दिल्लीच्या प्रकरणात एक बारीक तपशील होता ज्याच्याकडे फार कुणी लक्ष दिलं नाही. त्रास झाला तो मुख्यतः रनवे १० वर जीपीएसच्या आधाराने उतरणाऱ्या विमानांना. का, तर त्या रनवेची आयएलएस, म्हणजे जमिनीवरून रेडिओ बीम सोडून विमानाला सरळ रनवेवर आणणारी जुनी भरवशाची सिस्टिम, अपग्रेडसाठी बंद होती. बाकीचे रनवे जिथे जमिनीवरची साधनं चालू होती तिथलं काम बिनबोभाट चाललं, हे सरकारी उत्तरातच आहे. सरकारने ते "काळजी करू नका" या सुरात सांगितलं. मला त्यातून काळजीच वाटली. कारण याचा सरळ अर्थ असा की जमिनीवरची साधनं बंद असली की आपण उघडे पडतो, आणि हे देशातल्या पहिल्या नंबरच्या विमानतळावर.

यात अजून एक भाग आहे तो जास्त भीतीदायक वाटतो. हल्ली कंट्रोलरच्या स्क्रीनवर जे विमान दिसतं ते प्रत्येक वेळी रडारने शोधलेलं असतंच असं नाही. एडीएस-बी नावाची पद्धत आहे, त्यात विमान स्वतःच आपली जागा प्रसारित करतं, आणि ती जागा कुठून घेतं तर स्वतःच्या जीपीएसमधून. तुम्ही मोबाइलवर जे विमानं दाखवणारं ॲप उघडता ना, मामांची फ्लाइट कुठे पोचली बघायला, ते मुख्यतः याच्यावरच चालतं. रडारपेक्षा स्वस्त पडतं, मोठा फिरता अँटेना नको, डोंगराळ भागात छोटं स्टेशन बसवलं की झालं. आपल्याकडेही ही स्टेशन बसवलेली आहेत आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण जीपीएसच खोटं असेल तर काय होतं? पायलटला स्क्रीनवर खोटी जागा दिसते, तीच खोटी जागा विमान प्रसारित करतं, आणि जिथे रडारचं कव्हरेज नाही तिथे कंट्रोलरला पण तीच खोटी जागा दिसते. दोघांचं जुळलं! कुणालाच शंका येणार नाही. जिनिव्हाच्या कंट्रोलरकडे निदान खरं दिसत तरी होतं.

उधारीची वही दुकानदाराकडे एक आणि गिऱ्हाईकाकडे एक असते ती महिनाअखेर पडताळायला, गिऱ्हाईकानेच दुकानदाराची वही पण लिहून दिली तर हिशोब कायमच बरोबर निघणार.

१९८३ चं कोरियन विमान प्रकरण आठवा, फ्लाइट ००७. अलास्काहून सोलला जाताना विमान रस्ता सोडून सोव्हिएत हद्दीत घुसलं, बहुधा ऑटोपायलट चुकीच्या मोडवर राहिला होता, आणि सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं, २६९ माणसं. वाटेत पायलट प्रत्येक ठरलेल्या पॉइंटवर "पोचलो" म्हणून शांतपणे रिपोर्ट देत होते, कंट्रोलर नोंदवून घेत होते, कारण समुद्रावर त्या टप्प्यात तपासायला रडार नव्हतं. विमान शेकडो किलोमीटर बाजूला आणि रिपोर्ट सगळे नियमाला धरून. गंमत म्हणजे, गंमत कसली, त्याच अपघातानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की जीपीएस तयार झालं की सगळ्या जगाच्या नागरी वापरासाठी खुलं करू. ज्या दुखण्यावर औषध म्हणून जीपीएस आलं तेच दुखणं आता जीपीएसमधूनच परत येतंय.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. एक, दोन दोन माहित्या असल्या की गोंधळ होतो. होतो ना. १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेनवर नेमकं हेच झालं, रशियन टुपोलेव्हला टीकॅस सांगत होतं वर जा आणि झुरिकचा कंट्रोलर सांगत होता खाली जा, पायलटने कंट्रोलरचं ऐकलं, समोरचं मालवाहू बोइंग टीकॅसचं ऐकून खालीच येत होतं, धडक झाली, ७१ गेले, त्यात बरीचशी शाळकरी मुलं. पण जगाने यावर उपाय काय काढला? टीकॅस काढून टाकलं का, किंवा कंट्रोलर काढून टाकला का? नाही, नियम पक्का केला की दोघांत भांडण झालं तर टीकॅसचं ऐकायचं. कुणाचं ऐकायचं हे भांडण होण्याआधी ठरवून ठेवलं की गोंधळ होत नाही. आणि त्या रात्री झुरिकमध्ये एकच कंट्रोलर दोन स्क्रीन सांभाळत होता, मेंटेनन्ससाठी मुख्य फोनलाइन बंद होती, हे पण विसरायचं नाही. आपल्याकडे कंट्रोलर कमी आहेत हे खुद्द संसदीय समितीने २०२५ मध्ये लिहून ठेवलंय, डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेतल्या जवळपास निम्म्या जागा तेव्हा रिकाम्या होत्या हेही. दुसरा डोळा हवा म्हणताना तो डोळा उघडा ठेवणारा माणूस पण हवा, थकलेला माणूस स्क्रीनवरच्या ठिपक्यावर संशय घेत नाही, ठिपका पुढे ढकलतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. व्हीओआर, डीएमई (स्टेशन किती लांब आहे ते सांगणारं साधन), आयएलएस, रडार हे सगळं सांभाळायला खर्च येतो, जागा लागते, वेळोवेळी विमान उडवून कॅलिब्रेशन करावं लागतं, आणि सॅटेलाइटने रस्ते सरळ होतात, इंधन वाचतं. सगळं खरं. अमेरिकेनेही व्हीओआर कमी केलेत, पण शून्य केलेले नाहीत, किमान जाळं मुद्दाम ठेवलंय. आपलं सरकारही म्हणतं की आम्ही असं किमान जाळं ठेवतो. मग ते कुठलं, किती स्टेशनचं, त्यातली आज किती चालू आहेत, हे सामान्य माणसाला कुठे वाचायला मिळतं? लहान विमानतळांच्या बाबतीत तर गगनचं नाव पुढे केलं जातं, की आता प्रत्येक ठिकाणी आयएलएस बसवायची गरज नाही, गगन आहे. गगन आपल्या इस्रोने आणि एअरपोर्ट्स ऑथॉरिटीने मिळून केलेली फार चांगली गोष्ट आहे, अभिमान आहेच. पण ती जीपीएसच्या चुका दुरुस्त करून अचूकता वाढवते, मूळ सिग्नलच कुणीतरी बनावट घुसवला तर गगन तुम्हाला वाचवेल अशी ती चीज नाही. कोकणात पावसाळ्यात ढग खाली आलेले असताना, बाजूला सह्याद्री असताना, फक्त सॅटेलाइटच्या भरवशावर उतरवायचं असेल तर निदान "भरवसा एकाच गोष्टीवर आहे" हे कुणीतरी मोठ्याने म्हणायला पाहिजे.

आणि बोलण्याचा भाग. डीजीसीएने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं की जीपीएसमध्ये गडबड दिसली की १० मिनिटांत कळवा. चांगलं पाऊल. पण कळवणाऱ्याला नंतर "तुम्ही काय बघत होतात" असे प्रश्न येणार असतील तर पुढच्या वेळी तो अकराव्या मिनिटाला गप्पच बसेल. कंट्रोलरने "तुमची जागा माझ्या रडारशी जुळत नाही" म्हटलं आणि नंतर पायलटच बरोबर निघाला तर कंट्रोलरचं हसं व्हायला नको, त्याचं काम त्याने केलं. २०२३ मध्ये इराकवर स्पूफिंगमध्ये सापडलेल्या एका मोठ्या विमानाच्या क्रूने बगदादच्या कंट्रोलरला चक्क विचारलं होतं की आत्ता वाजले किती आणि आम्ही आहोत कुठे. विमानाचं घड्याळसुद्धा जीपीएसवर असतं, तेही बिघडलं होतं. लोक हसले त्यावर. मला तर तो सगळ्यात शहाणा पायलट वाटतो, माझ्या यंत्राचं मी मानत नाही, तुझ्या डोळ्याने बघून सांग, एवढं विचारायला लाज वाटली नाही त्याला.

नाहीतर आपल्या जुहूचं उदाहरण आहेच. १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेट आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८, दोन्ही सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरली, जपानी विमान तर पुढे घसरून गेलं. नशीब की कुणी मेलं नाही. दोन धावपट्ट्या जवळजवळ, दिशा साधारण सारखी, माणसाचे डोळे फसले. आता त्याच आकाशात नवी मुंबई पण सुरू झालंय, सांताक्रूझ आहे, जुहूची हेलिकॉप्टर आहेत, तिकडे पुणे. एवढ्या गर्दीत एक विमान दोन किलोमीटर इकडे की तिकडे यावर बरंच काही ठरतं.

नागरी हवाई वाहतूक खात्याचे राज्यमंत्री सध्या पुण्याचे मुरलीधर मोहोळ आहेत, तेव्हा पुणेकरांनी नव्या फ्लाइट आणि नव्या टर्मिनलबरोबर हेही विचारायला हरकत नाही. देशात आज किती विमानतळांवर आयएलएस महिन्याहून जास्त काळ बंद आहे, त्या काळात तिथे दुसरा पर्याय काय दिलाय, कुठल्या भागात कंट्रोलरला रडारशिवाय फक्त विमानाने सांगितलेल्या जागेवर चालवावं लागतं, आणि स्पूफिंगचे रिपोर्ट विमानतळानुसार दर महिन्याला वेबसाइटवर का टाकत नाहीत. खासदारांनी अधिवेशनात लेखी विचारावं. तो ४६५ चा आकडासुद्धा कुणीतरी संसदेत प्रश्न टाकला म्हणूनच बाहेर आला होता.